बदलीच्या आड आलेली दाढ

नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीत जेवढी गावं झाली, तेवढ्या सगळ्या गावांत माझी तीच एक दाढ ठणकली. डॉक्टर अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायचे, रूट कॅनॉल सुरू करायचे आणि ते निम्म्यावर आलं की बदलीचा हुकूम हजर! दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून मी सामान बांधायला बसायचे.

मोहालीत एअरोसिटीला राहायला आलो आणि दाढेने पुन्हा डोकं वर काढलं. शेजारच्या पंचकुल्याची दातांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी पर्समधून गोळ्या काढल्या, तशी ती हसली.

"आंटी जी, बुखार नहीं, सूजन नहीं. दाँत की नस मर चुकी है, वहाँ ख़ून ही नहीं जाता, तो गोली कैसे पहुँचेगी? सफ़ाई अंदर से होगी."

इतक्या वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं. असा संताप आला!

तिने दाढेची मुळं बारीक सुयांनी आतून खरवडली, ब्लीचच्या वासाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली आणि जंतू मारायला कॅल्शियमचा पांढरा लेप भरला. तो काही आठवडे आत राहायला हवा होता. तेवढ्यात भोपाळचा हुकूम आला.

"अगं, तिकडे काय डॉक्टर नाहीत?" नवरा म्हणाला.

"म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! तुम्ही व्हा पुढे. दाढ पुरी झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"एका दाढेसाठी?"

"हो. माझी आहे ती."

बिचारा ट्रकबरोबर एकटा गेला. मी रिकाम्या फ्लॅटमध्ये एक गादी आणि कुकर घेऊन राहिले, आणि खरं सांगते, मजेत राहिले.

शेवटच्या दिवशी डॉक्टरने लेप धुऊन काढला, कागदाची बारीक काडी दाढेच्या मुळात घालून बाहेर काढली आणि निरखून पाहिली.

"एकदम सूखा! बदबू भी नहीं."

"पक्का?"

"पक्का, आंटी जी."

तिने दाढ कायमची भरली. गळ्यातला कागदी रुमाल न काढताच मी नवऱ्याला फोन लावला.

"झालं! पुरं झालं!"

"अगं, रडतेस काय? दुखतंय का?"

दुखत कुठलं? शिवणाचा क्लास, बी.एड., जिवाभावाच्या मैत्रिणी, सगळं मी कुठल्या ना कुठल्या गावी अर्धवट टाकून आले होते. या गावात मात्र माझं काहीही अर्धवट राहिलं नव्हतं.