माझ्या पत्रकातली लाथ

माझी आई पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. आमच्या विट्याकडच्या गावांत अशा माणसाला एक काम आपोआप चिकटतं. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की तो सकाळी सकाळी दारात येऊन पाठमोरा उभा राहतो आणि पायाळू माणूस त्याच्या कमरेला तीनदा पाय लावतो. आई लग्न होऊन या घरात आल्यापासून हे करत होती. फुकट. चुलीवर दूध असलं तरी उतरवून यायची.

ते मी बंद पाडलं.

कॉलेजात असताना मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या पोरांत गेलो. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण झोंबणारी आखूड वाक्यं मला जमायची. ‘लाथेनं पाठ बरी होत नाही! लाथ मारणाऱ्याला जाब विचारा!’ हे माझंच. विट्याच्या स्टँडवर वाटलं, आटपाडीच्या बाजारात वाटलं, आणि पहिलं चिकटवलं ते आमच्याच घराच्या भिंतीवर. त्याचा फोटो काढून सगळीकडं पाठवला. सुरुवात घरापासून केली म्हणून वाहवा झाली.

आईनं ते बोट ठेवून वाचलं. चौथी शिकलेली आहे ती.

“लाथ न्हवं रं,” म्हणाली. “पाय लावते मी.”

“तेच ते.”

“तेच कसं?”

मी नुसता हसलो.

दोन दिवसांनी शेजारची काकी कमरेवर हात ठेवून आली. मी दारातच आडवा झालो. “काकी, भिंतीवरचं वाचा आधी.”

“मला कुठं वाचता येतंय, लेका?”

मग मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. जाब विचारा, इथपर्यंत. काकी आईकडं बघत राहिली आणि आई आत निघून गेली. त्यानंतर तिनं कुणालाच पाय लावला नाही.

एक गोष्ट मी पत्रकात घातली नव्हती. पाय लावायच्या आधी आई विचारायची, “पायाला मुंग्या येत्यात का? बधिर लागतंय का?” व्हय म्हटलं की ती हात जोडायची. “हे माझ्याकडचं न्हाई. दवाखाना गाठ.” बाकीच्यांना सांगायची, शेक घे, ओझं उचलू नगंस, पर निजूनबी राहू नगंस, हिंडत राहा. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. लिहिताना आठवलंही होतं. घातलं असतं तर पत्रकाची धार गेली असती, म्हणून मुद्दाम वगळलं.

पुढं आटपाडीतच सभेसाठी टेंपोतून स्पीकरचा खोका उतरवताना माझा पाय घसरला. खोका सोडून द्यायचा, तर मी वाकड्या अंगानं धरून ठेवला. कमरेत कडकन झालं आणि मी रस्त्यावर गुडघे टेकले. पोरांनी घरी निरोप धाडला आणि मला विट्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, स्नायू दुखावलेले. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, “एक-दोन दिवस आराम. मग पडून राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं. शेकायचं. पाय बधिर पडले किंवा लघवी अडकली, तर मात्र थांबू नका, लगेच या.”

आई शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

विज्ञानाच्या नावानं गावोगाव घसा फोडणारा मी, डॉक्टरचं ऐकलं का? नाही. भ्यालो. कूस बदलली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, म्हणून कूसच बदलायची नाही असं ठरवलं. कमरेला पट्टा आवळून सहा दिवस सपाट पडून राहिलो. शिंक आली तरी घाम फुटायचा. संडासला आई धरून न्यायची, तेवढंच चालणं. सातव्या दिवशी कंबर पहिल्यापेक्षा जास्त जखडली.

त्या दिवशी मी म्हणालो, “आई, दार लाव.”

“का रं?”

“आणि... पाय लाव.”

ती भांडी घासत होती. हात थांबला. “कागदावर काय लिवलंयस?”

“कागद राहू दे आता.”

“मग दार कशाला लावू? बाकीची माणसं उघड्यावर उभी राहात व्हती.”

तिनं पाय धुतले आणि दार लावलं. मी भिंतीला धरून उभा राहिलो. पाठीला थंड, ओला तळवा लागला. टाचेच्या भेगा सदऱ्यातूनही कळत होत्या. तीनदा. इतका हलका, जसा आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा. आयुष्यात पहिल्यांदा तो पाय माझ्या अंगाला लागला होता, आणि मी त्याला लाथ म्हणून छापलं होतं.

“झालं,” ती म्हणाली. “आता निजायचं न्हाई. लाकूड हुशील. चल, सोप्यातनं चार फेऱ्या मार.”

दुखणं तिळभर कमी झालं नव्हतं. हे लिहायलाच पाहिजे, कारण पायानं उसण जात नाही हे मी आजही मानतो. पण मी चाललो. सोप्यातून अंगणात, दोन दिवसांनी बोअरपर्यंत, मग ओढ्यापर्यंत. शेक घेतला, डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला दाखवलेले व्यायाम केले. महिन्याभरात वाकून चप्पल घालता आली.

मग वडूजला सभा झाली. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला. “आवं, तुमची आईच पायाळू हाय म्हनं. तुमची कंबर धरली तवा लावून घेतला का पाय?”

लोक हसले. माझ्या हातात माईक होता.

“नाही,” मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. मी घरी पोचलो तेव्हा आई काकीला ओट्यावर सांगत होती, “न्हाई बया, मी कुठला लावतीया. गोळ्यांनी बरा झाला त्यो.” मला बघून ती आत गेली आणि ताट वाढलं. मी बोललेलं खरं ठरावं म्हणून ती शेजारणीशी खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकीकडं गेलो. ती शेळीला पाला टाकत होती.

“काकी, आईनं पाय लावला. मीच लावायला सांगितला.”

“मला ठावं न्हाई व्हय?” काकी म्हणाली. “दार लावलंस, खिडकी कुठं लावलीस? समदं बघितलं की.”

“मग काल का बोलला नाहीत?”

“तुझी आई खोटं बोलाय लागली, तिला मी उघडी पाडू?” तिनं पाल्याची फांदी शेळीपुढं आपटली. “आन मला कशाला सांगाय आलायस? मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वडूजला जाऊन सांग.”

नवं पत्रक लिहून झालंय. त्यात मुंग्या, बधिरपणा, दवाखाना, चालणं सगळं आहे, आईनं सांगितलेल्याच क्रमानं. वडूजला मात्र मी अजून गेलेलो नाही. आधी हे लिहायला बसलो, कारण लिहिताना समोर तो म्हातारा नसतो. हीसुद्धा पळवाटच आहे.