पोवळ्याला अबोलीची गाठ

पोवळं म्हटलं की लोकांना अंगठीतला लाल खडा आठवतो. आमच्या बोरिवलीच्या घरातलं पोवळं लाल नव्हतं, कडकही नव्हतं. फिकट तपकिरी, मऊ, चहाच्या बशीएवढं आणि अळंबीसारखं. वरून बारीक बारीक तोंडं उघडून बसलेलं, जिवंत. ते मी माझ्या हाताने वाचवलं. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, फुशारकीच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासरे गोदीतून नुकतेच निवृत्त झालेले. जन्म मालवणच्या किनाऱ्यावर, नोकरी गोदीत, सगळा जन्म खाऱ्या वाऱ्यात गेलेला. तो माणूस बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर येऊन बसला आणि त्याला काही करमेना. मग त्यांनी हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याचा टँक मांडला. गोराईला जाऊन भरतीचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं काम माझ्या नवऱ्याचं, आणि ते तो कुरकुरत करायचा. टँकवर दोन ट्यूबलाइट, बाजूला दिवसभर घुरघुरणारा हवेचा पंप, आणि आत मधोमध दगडावर हे पोवळं. सासऱ्यांचा एक जुना मित्र बोटीवर होता. लक्षद्वीपच्या शेवटच्या फेरीत त्याने ते बादलीतून जिवापाड जपून आणलं आणि तोही निवृत्त झाला. म्हणजे हे गेलं की दुसरं मिळणार नव्हतं. सासरे सकाळी देवाच्या आधी त्याचं तोंड बघायचे. त्या टँकमध्ये हात घालायची कुणाची टाप नव्हती.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं सकाळी जा, दुपारी या, असं नव्हतं. डोळ्यात टाके, वर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, खोकायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. दुसरा डोळा आधीच धूसर. सासरे आरामखुर्चीत बसून पंपाचा आवाज ऐकायचे आणि मला विचारायचे, "उघडलंय का गं?"

पहिले काही दिवस मी म्हणायचे, हो, उघडलंय. एका सकाळी ते उघडलंच नाही. एका कडेला काळा डाग दिसला, दुपारपर्यंत तो डाग सुपारीएवढा झाला आणि कड विरघळून लोंबायला लागली. टँकचं झाकण सरकवलं तर सुकट खराब झाल्यासारखा वास आला. सांगावं तर त्यांचा डोळा, न सांगावं तर त्यांचं पोवळं!

पण लपवाछपवी मला जमत नाही, माझं तोंडच तसं आहे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, पोवळं सडायला लागलंय. सडका भाग कापून टाकते आणि चांगल्याचे तुकडे दगडांवर बसवते. झाडाची फांदी लावतात ना, तसं."

"कापतेस?" ते खुर्चीत ताठ झाले. "खबरदार हात लावलास तर..."

सासूबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या. "आरडू नकात, टाके तुटतले!"

झालं! ज्या माणसाच्या आवाजाने गोदीतली माणसं हलायची, त्याला सुनेवर रागवायचं होतं आणि तेही हळू आवाजात. त्यांनी जमेल तेवढं हळू मला झाडून घेतलं. कालची पोर, मासा कापतेस काय, तुला काय कळतं. मी ऐकून घेतलं. खरं सांगते, मलाही राग आला होता, पण हसू त्याहून जास्त येत होतं. शेवटी ते दमले आणि म्हणाले, "किती सडलंय?"

मी जे दिसत होतं ते सगळं सांगितलं. काळं कुठपर्यंत, पांढुरकं कुठपर्यंत, चांगलं किती उरलंय. मग त्यांनी विचारलं, "आणि मेलं तर?"

"न कापलं तर उद्या मरणारच आहे, बाबा."

"तिका करूंदे," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी ते हो धरलं.

नवरा कामावरून आल्यावर आम्ही प्लॅस्टिकच्या घमेल्यात टँकचं पाणी काढलं. नव्या ब्लेडने मी सगळं सडकं कापून टाकलं आणि उरलेल्या चांगल्याचे तुकडे केले. आता ते दगडावर बसवायचे कसे? नवऱ्याने दुकानातून झटपट चिकटवायचा गोंद आणला होता. पण पोवळं कापल्यावर एवढा चिकट बुळबुळीत रस सोडतं की गोंद दगडाला चिकटला, नवऱ्याच्या बोटाला चिकटला आणि पोवळ्याला तेवढा चिकटला नाही. मग त्याने नायलॉनचा दोरा घेतला आणि तुकडा दगडाला आवळून बांधला. उकडलेलं अंडं दोऱ्याने कापावं तसा तो दोरा तुकड्यातून आरपार गेला. आतून सासऱ्यांचा हळू आवाज, "काय झालं?" नवरा म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "एक तुकडा वाया गेला."

"वाट लागली," नवरा म्हणाला आणि हात पुसायला लागला.

मला वाट लागली म्हणणारी माणसं आवडत नाहीत. मी त्याला बाजूला केलं. घट्ट बांधलं तर कापतं, सैल बांधलं तर सुटतं. हे दुखणं मला कुठेतरी ओळखीचं वाटत होतं. आणि डोक्यात आलं, अरे, ही तर अबोली! माझ्या माहेरी सावंतवाडीला परसात अबोलीची रांग होती. आई अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची आणि मला शेजारी बसवून शिकवायची. अबोलीचा देठ एवढासा. ओढला की तुटतो, सोडला की गळतो. म्हणून तिथे आवळायची गाठच नसते. दोऱ्याचा अर्धा वेढा देठावर टाकायचा, दोरा त्याच्याच खालून काढायचा आणि नुसता टेकवायचा. एक वेढा दुसऱ्याला धरतो, देठाला कुणीच आवळत नाही. त्यासाठी दोराही केळीच्या सोपाचा लागतो, खोडाच्या सालीतून काढलेला, मऊ. सासूबाईंनी देवाच्या हारासाठी गावाहून आणलेली सोपाची जुडी देवघरातच होती. मी मागितली, त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

सोप पाण्यात भिजवला आणि बसले. एकेक तुकडा, एकेक लहान दगड. खाऱ्या पाण्याने बोटं चुरचुरत होती, रसाचा वास नाकात बसला होता, पण माझा हात चुकत नव्हता. वेढा, खालून, टेकव. वेढा, खालून, टेकव. शेवटचा तुकडा बांधून टँकमध्ये ठेवला तेव्हा नवरा म्हणाला, "झकास यार!" बायकोला यार म्हटल्याबद्दल सासूबाई त्याला ओरडल्या.

पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागलेला. सासरे विचारायचे आणि मी खरं तेच सांगायचे. आज आकसलेत. आजही आकसलेत. एक गेला, बाबा, काढून टाकला. ते मान हलवायचे. मग एका सकाळी उजेड टँकवर आला आणि एका तुकड्याने तोंडं उघडली. मी किंचाळले. सासूबाई म्हणाल्या, हिच्या तोंडाला पण टाके घाला कोणी. आठवड्याभरात बाकीच्यांनीही उघडली. सोप पाण्यात हळूहळू कुजत गेला आणि गळून पडला, तोवर तुकड्यांनी दगड धरला होता. मी बोटाने हळूच ढकलून बघितलं. हलेना. अहो, असा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता!

सासऱ्यांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला त्या दिवशी ते चपलाही न काढता टँकसमोर गेले. नाक काचेला टेकवून उभे. एकेक दगड बघितला. एका तुकड्यावर अजून सोप शिल्लक होता, तिथे ते थांबले. मी मागे उभी.

"ही गाठ कुणी शिकवली?"

"आईने."

"मला दाखव."

छान म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात तो शब्दच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतः अबोली घेऊन आले आणि जमिनीवर मांडी घालून माझ्यासमोर बसले. गोदीतले दोर बांधलेली जाडजूड बोटं ती. पटापट देठ तुटायला लागले. "ओढू नका हो, बाबा! टेकवा नुसतं!" मी चक्क ओरडले. आणि ते म्हणाले, "बरं." लहान मुलासारखं, बरं.

बातमी त्या बोटीवरच्या मित्रापर्यंत पोचली. त्याच्या घरीही टँक होता, पण त्यातलं पोवळं कधीच मेलं होतं. तो मुलुंडहून आला, बघून थक्क झाला आणि सासऱ्यांना म्हणाला, "एक तुकडा दे मला."

"मला काय विचारतोस? हिला विचार. हिने दिला तर घे."

मला नवीन सुनेसारखं लाजून हो म्हणता आलं असतं. पण इतक्या मेहनतीने जगवलेलं असं कसं देऊ? मी म्हटलं, "काका, आधी तुमचा टँक बघते. पाणी ठीक वाटलं तर देते." मित्राने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हसून हलत होते.

रविवारी आम्ही दोघं बस बदलत मुलुंडला गेलो. मी पुढे, रिकाम्या हाताने, मागून सासरे. पाणी ठीक निघालं तर द्यायचा तुकडा टँकच्या पाण्यात ठेवलेली बरणी, ब्लेड आणि सोपाची जुडी असलेली पिशवी त्यांच्या हातात. मी दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही. मित्राच्या दाराशी बेल वाजवली. दार त्याच्या सुनेने उघडलं. तिने आमच्याकडे बघून विचारलं, "कोण आपण?"

सासऱ्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "पोवळेवाल्या बाई आल्यात. मी त्यांच्यासोबत आलोय."