अण्णांचा ठोका का चुकतो

माझा विषय नेमका काय आहे, हे सांगायला मला दोन मिनिटं लागतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष एका मिनिटात उडतं. मी लोकसंगीताचा अभ्यास करते आणि ते गाताना, वाजवताना माणसाच्या मेंदूत काय चालतं तेही तपासते. दापोडीत आमच्या गल्लीनं याचा निकाल एका वाक्यात लावलाय : "अण्णांची पोरगी लोकांच्या डोक्याला वायरी लावून गाणी ऐकवती." इतकं नेमकं मला अनुदानाच्या अर्जातही कधी लिहिता आलेलं नाही. संगीतवाले मला यंत्रवाली समजतात आणि मेंदूवाले गाणंवाली. दोघंही प्रेमानं बसवून घेतात, पण जरा कडेला.

मी या वाटेला लागले ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरकडून आले, भोसरीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं पत्रे ठोकण्याच्या मशीनवर उभे राहिले, आणि शिफ्ट संपली की गल्लीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. नामकरण, गृहप्रवेश, जयंती, जिथे बोलावणं येईल तिथे पार्टी जायची आणि भीमगीतं व्हायची. मी स्टेजच्या कडेला बसलेली असायचे. दिवसभर धाडधाड ऐकून आलेला माणूस संध्याकाळी इतका नाजूक ठेका धरतो कसा, हा प्रश्न मला सातवीत पडला. त्याच प्रश्नावर पुढे मी पीएचडी केली, परदेशात राहिले, परत आले, रावेतजवळच्या एका संस्थेत प्रयोगशाळा थाटली. उत्तर काही मिळालं नव्हतं, पण नोकरी चांगली होती.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी अण्णा रहाटणीला माझ्या घरी एकटेच आले. न कळवता येणं हा त्यांचा स्वभाव नाही. चहा झाला, तरी विषय निघेना. मग कप खाली ठेवून म्हणाले, "माझी तपासणी कर तुझ्याकडं."

"कसली?"

"डोक्याची. ठेका मागं राहायलाय माझा. पार्टीतलं कुनी बोलत न्हाई, पण सगळ्यास्नी कळतंय. यंदाच्या जयंतीला ढोलकीऐवजी त्या करंटवरच्या पॅडवर वाजवू म्हनत्यात. अण्णा, तुमी आराम करा म्हनत्यात." मग ते म्हणाले, "थोरल्याचंबी असंच बारकं बारकं सुटत गेलं हुतं."

थोरला म्हणजे माझे चुलते. शेवटची काही वर्षं त्यांना दापोडी स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता सापडत नव्हता. अण्णाच त्यांना शोधून आणायचे. आता अण्णांना भीती होती ती हीच, आणि ती त्यांनी आईच्याही कानावर घातली नव्हती.

आपल्या माणसाची तपासणी आपण करू नये, असा आमच्याकडे नियम आहे. हा नियम मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. अण्णांना मात्र मी बुधवारी या म्हणाले.

बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि डोक्याला चपचपीत तेल लावून आले. मोठ्या ठिकाणी जायचं तर माणूस विंचरूनच जाणार. मेंदूचे तरंग टिपायची टोपी तेलकट डोक्यावर काही पकडत नाही. गावोगावच्या गाणाऱ्या बायका अशाच गजरा माळून, तेल लावून येतात, आणि तरी आदल्या दिवशी फोन करून सांगायचं मी दरवेळी विसरते. मग टोपी बाजूला ठेवली आणि साधी चाचणी घ्यायची ठरवली : कानाला हेडफोन, त्यात टिक टिक आवाज, आणि त्या टिकटिकीबरोबर बोटानं पाटीवर ठोका द्यायचा. अण्णा काचेच्या आत आवाजबंद खोलीत, मी काचेबाहेर संगणकासमोर.

या चाचणीत एक गंमत असते. सरावलेला माणूस टिकची वाट बघत नाही. पुढची टिक कधी येणार हे त्याच्या डोक्यात आधीच असतं, त्यामुळे त्याचं बोट एखाद्या क्षणानं आधी टेकतं. ढोलकी वाजवणाऱ्यांचं तर हमखास. अण्णांचं बोट प्रत्येक वेळी मागून येत होतं. कधी थोडं मागून, कधी बरंच. पडद्यावर ठिपके पडत होते आणि मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते. पन्नास वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस पुढच्या ठोक्याचा अंदाजच घेत नाही, याचा एकच अर्थ मला दिसत होता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

मी म्हणाले, "मशीन बिघडलंय अण्णा. पुढच्या बुधवारी परत या."

त्यांनी मशीनवर आयुष्य काढलं होतं. बिघडलेलं मशीन त्यांना कळतं. पण ते बस पकडून घरी गेले. तो आठवडा मला फार जड गेला. वर्गात शिकवताना मी दोनदा तेच पान पुन्हा शिकवलं, आणि मुलांनी ते निमूट उतरून घेतलं.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. टिक, आणि मागून बोट. टिक, आणि मागून बोट. मी डोळे फाडून पडद्याकडे बघत होते. तेवढ्यात माझं पेन टेबलाखाली गेलं. मी वाकून शोधायला लागले, ते सापडेना, कारण ते पार भिंतीपर्यंत गेलं होतं. वर आले तर पडद्यावरचे ठिपके थांबलेले. टिकटिक चालू होती आणि अण्णा बोट वर धरून शांत बसले होते.

मी दार उघडून आत गेले. "थांबलात का?"

"तू गेलीस की खाली," अण्णा म्हणाले. "मग मी कशावर वाजवू?"

मला समजायला वेळ लागला. मी बाहेर बसून स्पीकरवर तीच टिकटिक ऐकत होते आणि माझ्या नकळत मान हलवत होते. अण्णा काचेतून माझी मान बघून वाजवत होते. दुसऱ्याच्या मानेवर वाजवलं तर बोट मागूनच येणार, त्यात मेंदूचा काय दोष. हेडफोनमधली टिकटिक त्यांना ऐकूच येत नव्हती.

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, असंच असतंय. बारीक काय तरी वाजतंय म्हनलं असंल. तुझ्या कामात कशाला खोडा घालायचा."

अशा चाचणीआधी कान तपासायचे असतात. तेही मी मुलांना शिकवते. अण्णांचे मी तपासले नव्हते, कारण अण्णांना ऐकू येत नसेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ते सगळ्यांशी नीट बोलायचे. आता कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी कागदावर दाखवलं : दोन्ही कानांतले बारीक, उंच आवाज कधीचेच गेलेत, प्रेस शॉपची देणगी. स्मरणशक्तीच्याही सगळ्या तपासण्या मी करून घेतल्या. त्यात काही म्हणजे काही निघालं नाही.

"निस्ते कान व्हय?" अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की डॉक्टर गोंधळले.

मग हळूहळू सगळं कळत गेलं. प्रेस शॉपमध्ये तोंडानं बोलून उपयोग नसायचा. तिथली माणसं ओठ वाचायची आणि हातानं बोलायची. दोन बोटं आडवी म्हणजे डाय, मशीनमधला साचा, बदल; पोटावर हात म्हणजे जेवणाची सुट्टी. तीस वर्षांत अण्णा त्यात इतके तरबेज झाले की कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही आणि आम्हालाही. आई म्हणाली, "मी म्हनलं नवरा हाय, हाक मारल्यावर लगेच कुठं बघतोय." मी परदेशात असताना फोन केला की ते "जेवलीस का? बरं, आईशी बोल" एवढंच म्हणून फोन आईकडे द्यायचे. मी त्यावर कित्येक वर्षं रुसले होते. फोनवर ओठ कुठून दिसणार?

पण ढोलकीचं कोडं उरलं होतं. कान कधीचेच गेलेले, तर ठेका आत्ताच का चुकायला लागला? मी पार्टीच्या मुख्य गायकाकडे गेले. हे काका अण्णांच्या शेजारच्या मशीनवर होते, राहतातही चार घरं सोडून. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, ते तुमचे ओठ बघून वाजवतात. तुम्ही कीबोर्ड आणि मोठे स्पीकर घेतल्यापासून ढोलकी तुमच्या मागे गेली. त्यांना आता तुमची पाठ दिसते.

काकांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, मला तरी कुठं ऐकायला येतंय? मी त्याच्या हाताकडं बगून गातो. तो मागं गेल्यापास्नं माझंबी चुकायलंय. मला वाटलं, आता आपलं वय झालं. म्हनून तर म्हनलं पॅड आना, पॅडवाला तरी आवाज मोठा काढंल."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला रडू आलं. आमच्या गल्लीत ज्यांच्या तालाची वाहवा व्हायची ती दोन माणसं एकमेकांना ऐकत नव्हती, एकमेकांकडे बघत होती. मी वीस वर्षं माणसांच्या कानांत आवाज सोडून ताल शोधत होते. त्यानंतरचं माझं सगळं काम वाजवणारे कुठे बघतात, यावर आहे. ते मला या दोघांनी दिलं. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे, आणि पडलेल्या पेनाचीही.

जयंतीला स्टेजवर काकांनी स्वतः ढोलकीची गादी उचलून पुढे आणली आणि आपल्या समोर मांडली. कीबोर्डवाल्याला जरा सरकावं लागलं. अण्णांना आता कानात घालायची यंत्रं मिळाली आहेत, घरी टीव्हीपुढे ते ती लावतातही. त्या दिवशी मात्र त्यांनी ती काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बैठक मारली. मी दुसऱ्या रांगेत आईजवळ बसले होते. पहिला ठोका पडला आणि सवयीनं माझी मान हलायला लागली. दोन तास कार्यक्रम चालला. अण्णांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.