भिवाआबांनी सांगितलेली ओवी

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले, पण विश्वास एकावरही ठेवला नाही. झोप झाली नसेल, ताप असेल, नाहीतर सरळ थापा... असंच म्हणायचे. आज माझाच अनुभव लिहायला बसले आहे. मला ताप नव्हता, झोप नीट झाली होती, आणि हे सगळं भर दुपारी लख्ख उन्हात घडलं.

मी दिंद्रुडची. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान, घरात गाण्याचा गंध नाही. तरी हट्टानं विद्यापीठात संगीत विषयात एम. ए.ला प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षी एक लघुप्रबंध लिहायचा आणि त्यावर स्वतः बसवलेली रचना परीक्षकांसमोर गायची, असं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी राग निवडले. मी निवडली धारूरच्या डोंगरात मेंढपाळ म्हणतात ती एक लांबलचक ओवी. दुष्काळात कळप घेऊन निघालेला मेंढका आणि मागं फिरायला तयार नसलेली एक मेंढी, अशी तिची गोष्ट.

एक वर्गमित्र म्हणाला, "गाणं शिकायला आलीस का आरडाओरडा?" सगळे हसले. मी नाही हसले.

अडचण एकच होती. ओव्या म्हणणाऱ्या ज्या मंडळाकडून मी ही ओवी उतरवून घेत होते, त्यांना अकराच कडवी येत होती. मंडळाचा म्होरक्या म्हणाला, "फुडचं समदं भिवाआबाला येतंय. पर ते आता धारूरच्या पल्याड लेकाच्या वस्तीवर ऱ्हातेत. आमी तिकडं गेलोच न्हाई तीन-चार वरसं."

आमच्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं, "अर्ध्या ओवीवर प्रबंध होत नाही. पंधरा दिवस देतो. पूर्ण मिळाली तर ठीक, नाहीतर विषय बदल."

विषय बदलायचा नाही, हे माझं बसमध्ये चढतानाच ठरलं होतं.

धारूरला उतरून एका जीपनं फाट्यापर्यंत गेले, पुढं चालत. वस्तीवर पत्र्याची दोन घरं, शेळ्यांचा गोठा आणि एक मोठा लिंब. आबांची सून, काशीबाई, विळा घेऊन निघालीच होती. "आबा लिंबाखाली हायेत, बसा ताई. मी चारा घिऊन येते," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

आबा बाजेवर बसले होते. डोक्याला पिवळट पटका, अंगावर घोंगडी, एक हात घोंगडीच्या आत. मी पाया पडले, कोण, कुठली, कशाला आले ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन बाजेच्या कडेला ठेवला आणि मला येत होतं ते अकरावं कडवं म्हणून दाखवलं.

आबांनी डाव्या हाताची बोटं बाजेच्या लाकडावर वाजवायला सुरुवात केली. आणि बारावं कडवं म्हटलं.

आवाज बारीक होता, जरा घोगरा, पण सुराला पक्का. मी मान खाली घालून भराभर लिहीत होते. मध्येच थांबवून विचारत होते, पुन्हा म्हणायला सांगत होते. ते न कंटाळता पुन्हा म्हणत होते. त्यातलं एक कडवं असं होतं—

डोंगराच्या कडंला न्हाई पान्याचा थेंब,
मेंढी फिरंना मागं, तिच्या पोटाला कोंब.

'कोंब' ऐकून माझा हात थांबला. मेंढी गाभण आहे म्हणून ती मागं फिरत नाही, पाणी शोधत पुढंच जाते! अकरा कडव्यांत ती नुसती हट्टी वाटत होती. सगळ्या ओवीचा अर्थच बदलला. मी पुन्हा विचारून खात्री केली. एकूण आठ नवी कडवी मिळाली. आबा थकलेले दिसले, म्हणून पुन्हा पाया पडून निघाले. काशीबाई अजून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या रियाजाच्या खोलीत हेडफोन लावून बसले. रेकॉर्डिंगमध्ये माझं अकरावं कडवं होतं. मग बोटांचा ठेका. शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं. मग माझाच आवाज, "आबा, पुन्हा एकदा म्हणा ना." पुन्हा ठेका. माझा आवाज, "कोंब म्हणालात का? कोंब?" ठेका थांबला... सुरू झाला. "हां, लिहिलं."

आबांचा आवाज कुठेच नव्हता. एक शब्दही नाही.

फोन बिघडला असेल म्हणून तीन वेळा ऐकलं. पण घुंगरं ऐकू येतात, बोटं ऐकू येतात, आणि तेवढाच आवाज येत नाही? शेवटी म्होरक्याकडून आबांच्या मुलाचा नंबर मिळवला. फोन काशीबाईनं उचलला. आबा हल्ली किती गातात, एवढंच मी विचारलं. "ताई, कावून इचारता असं? आबा दोन वरसापासून बोलतच न्हाईत. लकवा मारला तवा वाचा गेली. उजवा हातबी गेला. मला वाटलं तुमाला ठावं हाय... पेपरवाल्यांवानी फोटू काढायला आल्या आसताल."

मी फोन ठेवला.

त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते का? खरं सांगते, आज शपथेवर सांगू शकत नाही. मी वहीत बघत होते. पण आवाज ऐकला होता. ज्या आवाजावरून मी सूर लिहून घेतले, तो मी ऐकला होता.

माझी खोलीतली मैत्रीण रुबीना तबल्याची विद्यार्थिनी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी एखाद्या जत्रेत ऐकलं असशील, तेच वर आलं." मग तिनं हेडफोन लावले आणि माझी वही समोर ठेवली. रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागांत, ठेक्याबरोबर, ती एकेक ओळ मनात म्हणू लागली. पाचव्या मिनिटाला तिनं हेडफोन काढले.

"मापात बसतंय गं," ती म्हणाली. "प्रत्येक ओळ. तू जिथं पुन्हा म्हणा म्हणालीस, तिथं त्याच ओळीएवढा ठेका पुन्हा आहे."

सरांना सांगितलं तर त्यांनी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. मग म्हणाले, "माझा तुझ्यावर अविश्वास नाही. पण प्रबंधाला आधार लागतो. दुसरा माणूस शोध, ज्याला ही कडवी येतात."

दहा दिवस उरले होते. काशीबाईनं सांगितलं, आबांची धाकटी बहीण सोनाआत्या शिरूर कासारकडे दिलेली. मी आणि रुबीना तिकडं गेलो. घरातले सगळे ऊस तोडायला गेले होते, आत्या एकट्याच अंगणात तूर पाखडत होत्या. मी वही रुबीनाच्या हातात दिली आणि आत्यांना फक्त एवढंच म्हटलं, "अकराव्याच्या पुढं येतं का तुम्हाला?"

सूप बाजूला ठेवून आत्यांनी म्हणायला सुरुवात केली. रुबीनाचं बोट वहीवर ओळीमागून ओळ सरकत होतं. एकदोन ठिकाणी 'हाय' आणि 'व्हता' एवढाच फरक. 'पोटाला कोंब' आलं तेव्हा रुबीनानं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

मग मी आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मागितली नाही, वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "ही कडवी आमच्या आईनं घातलेली. आमी ती कळपाम्होरं म्हनायचो, मान्साम्होरं न्हाई. कुनाला ठावं न्हाईत." मग विचारलं, "भिवा बोलला तुझ्यासंगं?"

"मला ऐकू आलं, आत्या."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग आता कुनाम्होरं आर्धी म्हनू नको. समदी म्हन."

सर म्हणाले, स्रोत म्हणून सोनाआत्यांचं नाव पुरेसं आहे, दुसरं लिहिलंस तर प्रश्न येतील. मी दोन्ही लिहिली. आधी भिवाआबांचं.

प्रश्न आलाच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटून विचारलं, "हे भिवाजी अजून गातात का?"

"नाही सर. त्यांची वाचा गेली आहे, दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही तर यांच्याकडून यंदा उतरवून घेतलं असं लिहिलंय."

"हो सर. तसंच झालं."

आमचे सर टेबलाकडं बघत होते. परीक्षकांनी चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं. म्हणा."

मी एकोणीसच्या एकोणीस कडवी म्हटली. तबल्यावर रुबीना होती. कोणी मधे थांबवलं नाही.

आज मी एका महाविद्यालयात संगीत शिकवते. लकवा, मेंदू, स्मरणशक्ती याबद्दल डॉक्टरांना विचारून झालं, फोन दुरुस्त करणाऱ्याला रेकॉर्डिंग ऐकवून झालं. कोणाचंच उत्तर आठ कडव्यांना पुरत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनानं ऐकेन. फक्त आबांचं नाव काढून टाक असं सांगू नका... ते मी काढणार नाही.