‘ती’चा ‘तो’ करणारा वाचक

हल्ली दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या छापून येतात, आणि त्यातला एक नायक बरेचदा स्वमग्न असतो. मी तीन वाचल्या. तिन्हींवर माझा विश्वास बसला नाही. तो नायक विक्षिप्त वागतो आणि दुसऱ्याला दहाव्या पानावरच त्याचं कौतुक वाटायला लागतं. लिहिणाऱ्यानं असा माणूस जवळून पाहिला आहे का, अशी मला शंका येते. मी एक पाहिला. मला कौतुक वाटलं नव्हतं, भीती वाटली होती.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. झालेला; धुळ्याला शिकलो आणि जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो. झाडू मीच मारायचो, पण पाटीवर ग्रंथपाल लिहिलेलं होतं आणि मला ते आवडायचं. फक्त अजून कायम झालो नव्हतो. ते वाचनालयाच्या कार्यवाहांच्या हातात होतं. त्यांना सगळे नाना म्हणत.

एका दुपारी एक अक्का कादंबरी परत करायला आल्या आणि पुस्तक माझ्यापुढे आपटलं.

“भाऊ, हाई काय शे? बठ्ठा पुस्तकमा बाईच नई!”

उघडून पाहिलं. शिसपेन्सिलीनं नायिकेचा पुरुष केला होता. ‘ती आली’चं ‘तो आला’, ‘लाजली’चं ‘लाजला’. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकही जागा सुटली नव्हती. ‘तिचा पदर’ होता तिथे ‘त्याचा पदर’. पदर मात्र तसाच ठेवला होता, कारण व्याकरणानं तो आधीच पुल्लिंगी.

नानांनी पुस्तक चाळलं आणि तोंड वाकडं केलं. “हा वात्रटपणा आहे. कोण आहे ते शोध. समितीच्या बैठकीआधी मला माणूस पाहिजे. तुझं कायमचंही त्याच बैठकीत आहे, ध्यानात ठेव.”

मला वेगळाच घोर लागला. मी सव्वीस वर्षांचा, दोन मुली नाकारलेल्या. त्या का नाकारल्या ते माझं मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आता वाटायला लागलं की कुणाला तरी कळलंय आणि तो पुस्तकांतून मला डिवचतोय. दारात कुणी हसलं तरी मी मान वर करून पाहायचो. मला नानांचाही संशय आला.

कपाटं धुंडाळली तेव्हा तशी पाच पुस्तकं निघाली. पाचांच्या कार्डांवर एकच सभासद क्रमांक सारखा येत होता. तो जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठींवर नंबर टाकणाऱ्या एका माणसाचा होता, वय माझ्याएवढंच. रोज पावणेसहाला यायचा आणि भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसायचा. त्या खुर्चीत कुणी असलं की तो उठेपर्यंत शेजारी उभा राहायचा. कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. माझ्याकडे बघत नाही म्हणजे याला सगळं ठाऊक आहे, अशी माझी खात्री झाली.

संध्याकाळी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. “हे तुम्ही केलंत?”

“हो.”

इतक्या सहज म्हणाला की मला डाव वाटला. “कुणी सांगितलं होतं?”

“कोनी नई.”

“मग कशासाठी?”

“पुस्तकमा चूक शे. दर येळे बाईच काबरं? मन्हं तसं नई. म्हनीसन मी दुरुस्त करं.” मग टेबलाच्या कडेकडे बघत पुढे म्हणाला, “आपली बोलीमा तो बी ‘येस’, ती बी ‘येस’. भानगड पुस्तकमाच शे.”

मी व्याकरणात पहिला येणारा. आपल्या अहिराणीत ‘येतो’ला आणि ‘येते’ला एकच ‘येस’, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पण ते पटायला वेळच मिळाला नाही, कारण लगेच त्यानं विचारलं, “तुमनं कसं शे?”

एखाद्याला गाव विचारावं तसं विचारलं. दोन टेबलांपलीकडे माणसं पेपर वाचत बसलेली. या माणसाला खरं सांगितलं, तर उद्या कुणी विचारलं की हा सांगून मोकळा होईल.

“माझं नेहमीसारखं,” मी म्हणालो.

“म्हनजे कसं?”

“मला कामं आहेत.”

मी नानांना नाव कळवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समोर उभं केलं. समितीची दोघं होती.

“गंमत केलीस का रे?”

“नई. मन्हं तसं शे.”

तिघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. तो हसला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “ह्यासले बी मी इचारं. नेहमीसारखं म्हणे. म्हनजे काय ते सांगं नई.”

हसणं थांबलं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“डोकं ठिकाणावर नाही त्याचं, नाना,” मी म्हणालो. “कार्ड रद्द करून टाका.”

“डोकं ठीक शे,” तो म्हणाला, हातातलं पुस्तक टेबलावर सरळ रेषेत ठेवलं आणि गेला.

मी कायम झालो. पाची पुस्तकं खोडरबरानं साफ करायचं काम माझ्याकडेच आलं. त्यानं पेन्सिलीनं इतकं दाबून लिहिलं होतं की ‘ला’ पुसला तरी खालची छापील ‘ली’ नीट दिसेना, कागदच खरवडला जायचा. आठ दिवस मी त्या प्रत्येक ‘तो’ला परत बाई करत बसलो होतो.

महिन्याभरानं जिनिंगच्या रस्त्यावर तो समोरून आला. मी सायकल वळवायला लागलो तर हँडलसमोरच येऊन उभा राहिला. आवाजात राग नव्हता.

“तुम्ही खोटं बोलनात. तुमनं मन्हासारखंच शे. मी वाचत बसू तवय तुम्ही मन्हाकडे देखेत.”

खरं होतं. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्यानं ते कसं पाहिलं, मला आजही कळलेलं नाही. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच:

“कुणाला सांगितलं?”

“कोनी इचारं नई.”

तो तिथेच उभा राहिला. मी आणखी काही विचारीन असं त्याला वाटलं असावं. मी मागे वळून रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं आणि पायडल मारलं.