उलटी वायर

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ओळखत असाल तर — असू दे.

आमचा मंडप-साउंडचा धंदा आहे. वालावलला, घराच्या मागे, पत्र्याचं गोडाउन. लग्न असो, वाढदिवस असो, गणपती असोत, आमचे स्पीकरचे बॉक्स जातात. बाबांनी सुरू केला, आता मीच बघते. बाईमाणूस वायरी कसते म्हणून सुरुवातीला लोक बघत उभे राहायचे, आता कोणाला काही वाटत नाही. माझ्या कानाचं मात्र नाव आहे. कुडाळपासून मालवणपर्यंत कोणाचा बेस घुमायला लागला, फाटायला लागला, की मला फोन येतो. लोक म्हणतात, हिचा कान खोटं सांगत नाही. म्हणू देत बापडे.

कॉलेजात असताना मला म्युझिक करायचं खूळ लागलं होतं. गाणं-बिणं नव्हे — लॅपटॉपवरचं. नुसता ठोका आणि त्याच्याखाली बेस, असा बेस की उभ्या माणसाच्या छातीत बसावा. शिकवणारं कोणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, निम्मं कळायचं, निम्म्याचा अंदाज. माझ्याबरोबर हेच खूळ लागलेली वर्गात आणखी एकच होती. लुर्दीन.

लुर्दीन देवबागची. घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या, वडील होडीतून लोकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचे. जी कर्ली नदी आमच्या गावाला लागून वाहते, तीच तिच्या दारात समुद्राला मिळते. ती हसरी होती, धांदरट होती, आणि तिच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि कानात घालायची स्वस्तातली बोंडं, एवढंच होतं. माझ्याकडे गोडाउन होतं. हा फरक लक्षात ठेवा.

कारण बेसचं एक दुखणं आहे. खरा खालचा बेस कानातल्या बोंडांत येतच नाही. मोबाइलवर तर नाहीच नाही. तुम्ही तो करता, पण तुम्हाला तो ऐकू येत नाही. अंधारात मीठ घालावं तसं काम. मोठे बॉक्स असतील तर कळणार काय झालंय ते. लुर्दीनकडे बॉक्स नव्हते, म्हणून ती मला फाइल पाठवायची. मी गोडाउनमध्ये वाजवायची आणि तिला फोनवर सांगायची कसं वाजतंय ते. म्हणजे तिचे कान मी होते. आता सांगा, एका माणसाने दुसऱ्या माणसावर याहून जास्त विश्वास काय टाकायचा?

सुरुवातीला मी खरं सांगत होते. हे तरी मला म्हणू दे. तिचे पहिले बेस वाईटच होते. माझेही वाईट होते. शिकाऊ माणसाला वाटतं, जड आवाज हवा तर आवाजावर आवाज चढवावा. मी तेच करायची. एकाखाली एक तीन-चार आवाज, सगळे करकरणारे, सगळे एकमेकांच्या उरावर. बॉक्सवर लावलं की नुसता चिखल. मग मी आणखी एक चढवायची.

लुर्दीनने मात्र मध्येच रस्ता बदलला. वडिलांच्या होडीत ती आडवी व्हायची, फळीला कान लावून. इंजिन चालू असलं की फळीतून जो ठोका येतो — पाण्यातला, जाडा, सावकाश — तो तिला हवा होता. तिने सगळे आवाज काढून टाकले. खाली एकच स्वच्छ लाट ठेवली, सुरुवातीला किंचित घसरणारी. आणि वर तिचीच एक बारीक खरखरीत सावली, कानाला धरून चालता यावं म्हणून. बस्स. दोन आवाज. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते ऐकलंही नव्हतं — म्हणजे, कानांनी. तिने ते अंदाजाने केलं होतं.

ती फाइल मी दुपारी लावली. आणि काय सांगू? गोडाउनचे पत्रे थरथरले. खुर्च्यांची चळत हलली. माझ्या आयुष्यात मी तसा बेस आमच्या बॉक्समधून ऐकला नव्हता. बाबा जेवत होते. ते उष्ट्या हाताने दारात आले.

"ह्यो कोणाचो गो? बरो वाजता."

बाबांनी माझ्या कुठल्याही आवाजाला कधी बरं म्हटलं नव्हतं. "आवाज कमी कर," हीच माझी दाद. आणि आता ते दारात उभे, मान डोलावत, बोटावरचा भात सुकत चाललेला. लुर्दीनचा आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"नेटवरचो आसा," मी म्हटलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी म्हटलं, फाटतो.

इतकं सोपं होतं ते. एक शब्द. ती म्हणाली, बरं, काय करू? आणि मी सांगितलं. खालचं काप. वरची खरखर वाढव. आणखी एक आवाज चढव. म्हणजे मी जे करत होते ते सगळं मी तिला करायला लावलं. ती बिचारी करायची आणि परत पाठवायची, आणि प्रत्येक वेळी तो बेस थोडा मरायचा. मी ऐकायची आणि मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. त्याला दुसरा शब्द नाही.

मत्सर म्हणतात याला, ठाऊक आहे मला. पण तो शब्द फार नीटनेटका आहे. माझ्याकडे बॉक्स होते, गोडाउन होतं, लहानपणापासून वायरीत वाढलेली मी — आणि येत होतं तिला. ज्या मुलीने अठरा इंचाचा स्पीकर जवळून पाहिला नव्हता, तिला. मला ते सहन होत नव्हतं. अजूनही लिहिताना दात आवळले जातात. कोणावर? तिच्यावर की माझ्यावर, तेही धड सांगता येत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या पावसाळ्यानंतर तिच्या घरी गोव्याकडचा एक पाहुणा उतरला. किनाऱ्यावर रात्रीच्या पार्ट्या भरवणारा. लुर्दीनच्या लॅपटॉपवर त्याने काहीतरी ऐकलं आणि म्हणाला, एक ट्रॅक नीट पुरा करून पाठव, आवडला तर सीझनला आमच्या स्टेजवर ये. लुर्दीनला झोप लागेना. तिने माझ्या सगळ्या दुरुस्त्या बाजूला ठेवल्या आणि तोच जुना बेस पुन्हा उघडला. का कोण जाणे. म्हणाली, पाठवण्याआधी एकदा मी स्वतः येऊन ऐकणार. स्वतःच्या कानांनी.

आता? आता फोनवर फाटतो म्हणून भागणार नव्हतं.

आमच्या धंद्यात बाबांनी मला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट म्हणजे वायरीचा लाल आणि काळा. आमचे बॉक्स जुने, मागे वायरी स्क्रूने कसायच्या. दोन बॉक्स शेजारी ठेवले आणि घाईत एकाची वायर उलटी लागली, तर एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. बॉक्स चालू दिसतात, हलतातही, पण बेस गायब. मांडवात नवखी पोरं ही चूक करतात आणि बाबांच्या शिव्या खातात. मी ती चूक कधी केली नव्हती.

लुर्दीन एसटीने यायची होती. ती यायच्या आधी मी एका बॉक्सची वायर उलटी केली. स्क्रू नीट आवळला.

ती आली, घामाघूम, पेन ड्राइव्ह मुठीत धरून. येताना आईकडून माझ्यासाठी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली होती. मी तिला दोन बॉक्सच्या बरोब्बर मध्ये उभं केलं, बेस तिथेच सगळ्यात जास्त मरतो ना. आणि लावलं. वरची ती बारीक खरखर तेवढी वाजली, पत्र्याचा डबा खरवडावा तशी. खाली काही नाही. होडी नाही, पाणी नाही, काही नाही. तिचा चेहरा मी बघत होते. मी बघायला नको होता, पण मी बघत होते.

मग ती पुढे झाली आणि तिने बॉक्सवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाली,

"हाताक लागता गो. पण कानाक येणा नाय."

तिच्या हाताला कळलं होतं. बॉक्स धडधडत होता, खोटं होतं ते फक्त हवेत. त्या क्षणी मी म्हणू शकले असते — अगो, वायर उलटी लागलीय बहुतेक, थांब. चूक झाली असं म्हणूनही सुटता आलं असतं. नाही म्हटलं. मी म्हटलं, हाताला लागून काय उपयोग, लोक हाताने ऐकतात का? आणि माझा ट्रॅक लावला. माझे चार-चार करकरणारे आवाज, ते वरच्या स्पीकरमधून ओरडलेच. वायर उलटी असली तरी ओरडणारं ओरडतंच. तो चिखल तिच्यासमोर भरगच्च वाजला आणि तिने मान हलवली. म्हणाली, तुझा खरंच भारी आहे.

तिने ट्रॅक पाठवला नाही. पेन ड्राइव्ह माझ्याकडेच ठेवून गेली, म्हणाली माझ्या काय कामाचा. ती एसटीत बसल्यावर मी परत येऊन वायर सरळ केली आणि तो पुन्हा लावला. का लावला? खात्री करायला. पत्रे थरथरले.

तुम्हाला वाटेल मग मी तरी पुढे गेले. कसली जाते. मी काय दिवे लावले ते बघताच आहात. लॅपटॉप धूळ खात पडला, मी लग्नात माइक टेस्टिंग करत फिरते. तिच्या वाटेतून मी तिला काढलं आणि त्या वाटेवर मीसुद्धा गेले नाही. कोणीच गेलं नाही.

लुर्दीनचं लग्न झालं, ती देवबागलाच राहिली, आता घरच्या खोल्या तीच बघते. आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं. ती अजून कोणालाही माझी ओळख करून देते ती अशी — "हिना माका खरां सांगल्यान. नायतर मी अजून त्याच खुळात आसतंय." आणि माझा हात दाबते. मी हसते. काय करणार?

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. साउंड अर्थात आमचा. आदल्या दिवशी रोस होता, नवरीला नारळाचा रस लावायचा तो दिवस, आणि दुपारी मी अंगणात बॉक्स लावत होते. एक गोष्ट सांगायची राहिली. गेली कित्येक वर्षं, कुठेही बॉक्स लावले की ते तपासायला मी तिचाच बेस वाजवते. ठोका आणि वरची खरखर कापून, नुसता खालचा बेस. वायर कुठे उलटी असेल, बॉक्स कुठे फुसका असेल, तो लगेच दाखवतो. त्याच्यासारखा दुसरा नाही माझ्याकडे. इतकी सवय झाली होती की त्या दिवशी, त्या अंगणात, मी तोच लावला. हाताने आपोआप लावला. लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

लुर्दीन स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला नारळाचा चोथा. मी बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. ती चालत आली, बॉक्सवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. तिने तो ओळखला नाही. कसा ओळखणार? तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

"ह्यो कोणाचो गो?" तिने विचारलं.

बाबांनी विचारलं होतं तसंच. अगदी तेच शब्द.

"नेटवरचो आसा," मी म्हटलं.

"असो माका कधी जमाक नाय," ती म्हणाली, आणि हात पुसत आत गेली. जाताना सांगून गेली की जेवल्याशिवाय जायचं नाही.

मी जेवले. वाढायला तीच होती.