भाचीची पत्रिका आणि माझं लिनक्स

आमच्या नांदेडच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मी विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं, आणि बरीच वर्षं मशीनपेक्षा त्या झाकणाचंच कौतुक जास्त झालं. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की बटण दाबून मी कुकर लावायचे, शिट्ट्या झाल्या की येऊन बघायचे, तर पडद्यावरचं चक्र अजून गरगरतच असायचं. दुरुस्तीवाल्यानं मागचा पत्रा उघडून बघितला, फुंकर मारली आणि म्हणाला, "भंगारात द्या." नवऱ्याला हा निकाल एकदम पटला.

मला पटला नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्या मशीनवर होत्या. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे एक सर आहेत. स्टाफरूममध्ये चहा पिताना ते म्हणाले, "मॅडम, विंडोज काढून लिनक्स टाका. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पळतं." फुकट हा शब्द कानावर पडल्यावर मराठवाड्यातलं माणूस पुढचं वाक्य ऐकत नाही. मी त्यांच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला, प्रश्नपत्रिका दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्या आणि रविवारी सकाळी कामाला लागले.

नवरा पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "काय करून राहिली?"

"लिनक्स टाकते."

"कुणावर?"

"मशीनवर."

"मला वाटलं माझ्यावर," म्हणाला आणि पान उलटलं.

लिनक्स बसलं, आणि खरंच पळायला लागलं. कुकर लावायला वेळच मिळेना. मात्र वायफाय गायब. हॉलच्या एका टोकाला असलेल्या राउटरपासून दुसऱ्या टोकापर्यंत मी वायर ओढली, आणि नवरा तिला अडकून दिवाणावर आडवा झाला. मग मोबाइल वायरनं जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, वायफायच्या सॉफ्टवेअरचा हरवलेला तुकडा उतरवून घेतला आणि एकदाचं ते जमलं. त्यानंतर आवाज गेला. आवाज आणला तर प्रिंटर रुसला. प्रिंटर दिसायचा, 'तयार आहे' असंही सांगायचा, पण कागद म्हणून बाहेर टाकायचा नाही. आमच्या कॉलेजच्या कमिट्यांत असे बरेच सदस्य असल्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही.

सगळ्यात मोठा घोळ पासवर्डचा झाला. 'टर्मिनल' नावाच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली की लिनक्स पासवर्ड मागतं, पण तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून मी तो उलटा करून झटकला. त्यातून शेवेचा भुगा, एक टाचणी आणि कुठल्याशा जुन्या राखीचा मणी पडला. मग सरांना फोन केला. ते हसून म्हणाले, "मॅडम, दिसत नसलं तरी टाइप करत राहा. त्याला कळतंय." तेव्हापासून मी त्या काळ्या खिडकीसमोर देवळात बसल्यासारखी बसते.

हळूहळू मला त्याची सवय झाली, आणि सवयीबरोबर थोडा माजही आला. स्टाफरूममध्ये कुणाचं मशीन अडलं की मी विचारायचे, "लिनक्स का नाही टाकत?" लोक मला बघून वर्तमानपत्र तोंडासमोर धरायला लागले. याच माजात असताना माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं.

भाऊ लातूरला असतो. त्याचं डाळींचं आडत दुकान आहे. तो मला अक्का म्हणतो, आणि मराठी शिकवते म्हणून घरातल्या सगळ्या लिखाणाची जबाबदारी आपोआप माझी असं धरून चालतो. त्याचा फोन आला. "अक्का, पत्रिकेची फाइल धाडलीय. एकदा वाच अन् चुका काढ. व्याही उदगीरचे हायत, लई बारीक बघतेत."

मी फाइल उघडली. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांचा एक लांबलचक ढीग होता, जणू कीबोर्डवर मांजर झोपलं होतं आणि मधूनच त्यानं कूस बदलली होती.

भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझं मशीनच तसलं. हितं तर झकास दिसायलंय." आणि त्यानं मला डीटीपीवाल्याचा नंबर दिला. हा डीटीपीवाला, म्हणजे कम्प्युटरवर मजकूर जुळवणारा, गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या एका प्रेसमध्ये बसतो, आणि लातुरातल्या निम्म्या लग्नांना पहिला हात त्याचा लागतो.

"मॅडम, तुमच्याकडं आमचा फॉण्ट न्हाई," तो म्हणाला. "विंडोज कोणती हाय?"

"माझ्याकडे विंडोज नाही. लिनक्स आहे."

त्यानं काळजीनं विचारलं, "मग लाइट तरी हाय का?"

त्यानं फॉण्ट पाठवला. तो घातल्यावर मजकूर दिसायला लागला, पण काही जोडाक्षरं गळून पडलेली. आणि जे दिसत होतं ते न दिसतं तर बरं, असं होतं. एकाच वाक्यात दोनदा 'कृपाशीर्वादाने', तीनदा 'शुभ', आणि क्रियापद बेपत्ता. मी भावाला कळवलं की ही पत्रिका मी नव्यानं लिहिते, माझ्या मशीनवर, युनिकोडमध्ये.

"ते काय असतंय?"

"सगळीकडे दिसतं."

"मग लिही," तो म्हणाला. सगळीकडे दिसणं आमच्या खानदानाला आवडतं.

मी मनापासून लिहिलं. 'वऱ्हाड' या शब्दातला तो अर्धा र कुठल्या बटणानं येतो हे शोधायला बराच वेळ गेला, पण सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो भेंडी चिरत होता. "अर्धाच आला का?" म्हणाला.

मजकूर साधा होता. शेवटी एक वाक्य माझं स्वतःचं घातलं: 'आपण आलात तर मांडव भरेल, आणि जेवून गेलात तर आमचं मन भरेल.' भावजयीला ते फार आवडलं. भाचीनं विचारलं, "आत्या, पत्रिका वाचतंय कोण? लोक हॉलचं नाव बघतात आणि गाडी लावायला जागा आहे का विचारतात." पण तीही हसली होती, म्हणजे आवडलं होतं.

फाइल लातूरला गेली आणि दुसऱ्या दिवशी कच्ची छपाई माझ्या मोबाइलवर आली. डीटीपीवाल्याचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याला माझं युनिकोड पचलं नव्हतं. प्रत्येक पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्या अक्षराला जाऊन लटकली होती. वर ठळक अक्षरांत 'नमिंत्रण'. खाली मुलांच्या नावानं जी किलबिल असते, तिची 'कलिबलि'. आणि मधोमध, सोनेरी रंगात, 'शुभवविाह'.

भावाचा फोन लगेच आला. तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो हळू बोलला. "अक्का, व्याह्यांना हे दाखवू का? ते म्हणतील, पोरीच्या आत्याला मराठी येत न्हाई."

हे मात्र लागलं. मला लिनक्स येत नाही असं कुणी म्हणालं असतं तर मी मान्य केलं असतं. पण मराठी! भावाच्या आवाजात राग नव्हता, नुसती धास्ती होती, आणि ती मी त्याच्या घरात पाठवली होती. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली, सरांचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये घातला आणि लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर गाठलं.

प्रेस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर नमुन्याच्या पत्रिका टांगलेल्या, टेबलावर चहाचे ग्लास, आणि कम्प्युटरवर चिकटवलेला गणपती. डीटीपीवाला माझ्या कल्पनेपेक्षा वयानं मोठा निघाला, माझ्याच बरोबरीचा. तोंडात सुपारी.

"मॅडम, माझ्या फॉण्टात पुन्हा टाइप करतो की. कशाला एवढा ताप?"

"तुमच्या फॉण्टात केलं की मोबाइलवर पाठवता येत नाही. शिवाय पुन्हा तीनदा 'शुभ' येईल."

"शुभ जास्त झालं म्हणून कुणाचं लगीन मोडलं न्हाई," तो म्हणाला. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

उपाय मी बसमध्येच ठरवला होता. त्याचं सॉफ्टवेअर अक्षरं वाचताना गडबडतं, तर त्याला अक्षरं द्यायचीच नाहीत. लिनक्समध्ये पूर्ण मजकुराचं चित्र करायचं आणि ते चित्र त्याच्या डिझाइनमध्ये बसवायचं. मी त्याला म्हटलं, "तुमच्या मशीनला माझा पेन ड्राइव्ह लावते. मशीन एकदा बंद करून सुरू करावं लागेल."

तो चहा आणायला बाहेर गेला, तेवढ्यात मी ते केलं. तो परत आला, तर त्याच्या पडद्यावर त्याचं काहीच नव्हतं. ना फोल्डर, ना डिझाइनं, ना वॉलपेपरवरची त्याची नात. अनोळखी रंगाचा पडदा आणि कडेला अनोळखी चित्रं. त्यानं हातातला ग्लास टेबलावर आदळला.

"मॅडम! माझं सगळं गेलं! सीझनच्या सगळ्या पत्रिका होत्या हो त्याच्यात!"

"काही गेलं नाही. हे सगळं पेन ड्राइव्हवरून चाललंय. काढला की तुमचं परत येतं."

"माझी नात कुठाय?"

"तीही परत येते."

त्याचा विश्वास बसला नाही. माझं काम होईपर्यंत तो मागे उभा राहून सुपारी चावत होता, आणि मला पाठीवर त्याचा श्वास जाणवत होता. मी चित्र केलं, त्याच्या एका पेन ड्राइव्हवर टाकलं, मशीन बंद केलं, माझा पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा सुरू केलं. नात आली. तो खुर्चीत बसला आणि त्यानं पडद्याला हात लावून बघितलं.

चित्र त्याच्या डिझाइनमध्ये झकास बसलं. वेलांट्या जिथल्या तिथं. मी समाधानानं त्याच्या ग्लासातला गार चहा प्यायले. तेवढ्यात भावजयीचा फोन.

"अक्का, निमंत्रकांत माझ्या मावशीचे मालक ऱ्हायलेत."

मजकुराचं तर चित्र झालेलं. पुन्हा मशीन बंद, पेन ड्राइव्ह, नात गायब, मावशीचे यजमान आत, चित्र, मशीन बंद, नात हजर. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "अक्का, रेणापूरचे काका वर पाहिजेत. खाली घातलं तर ते जेवायचे न्हाईत." पुन्हा सगळं. मग कळलं की काकांना वर घेतल्यामुळे त्यांचे थोरले भाऊ खाली राहिले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, तर डीटीपीवाल्यानं स्वतःच मशीन बंद केलं, माझा पेन ड्राइव्ह खोचला आणि योग्य क्षणी योग्य बटण दाबलं. पडदा बदलला तेव्हा म्हणाला, "भावजयीला सांगा, आता कुणी उरलं असंल तर त्याला लग्नात मायकवर पुकारू."

पत्रिका छापून झाल्या. व्याह्यांनी बारीक बघितल्या आणि एकच दोष काढला, की अक्षर सरकारी नोटिशीसारखं सरळ दिसतं. भाऊ म्हणाला, "सरळच बरं." लग्न थाटात झालं. लोकांनी पत्रिकांनी वारा घेतला, त्यांच्यावर भात सांडला, आणि रेणापूरचे काका दोनदा जेवले.

पण माझ्या युनिकोडची खरी करामत नंतर कळली. भावानं पत्रिकेचा मजकूर मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, आणि तो जुन्या फॉण्टातल्यासारखा अडकून पडणारा नव्हता. कुणालाही उचलून घेता येत होता. लोकांनी उचलला. त्या सीझनला ज्यांच्या घरी कार्य होतं त्यांनी नावं बदलली आणि पुढं पाठवला. मांडव भरेल, मन भरेल हे माझं वाक्य साखरपुड्यांना गेलं, बारशांना गेलं, अहमदपूरच्या एका गाडीच्या शोरूमच्या उद्घाटनालाही गेलं. तिथं मांडव कुठला भरणार होता ते मला अजून कळलेलं नाही.

उमरीच्या एका कुटुंबानं नावं नीट बदलली, गावही बदललं, पण सगळ्यात खालची ओळ बदलायची राहिली. तिथं माझ्या भावाचा नंबर होता. त्यांच्या पाहुण्यांचे फोन त्याला लातूरला यायला लागले. हॉल कुठं आहे, बस मिळते का, येताना चार माणसं जास्त आणली तर चालतील का. पहिल्यांदा तो गोंधळला. मग त्यानं उमरीच्या घरचा नंबर शोधून काढला आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला तो न चिडता देत गेला.

मी तेव्हा सुट्टीत लातूरलाच होते, दुकानात त्याच्या गादीवर बसले होते. फोन वाजला. पलीकडे कुणीतरी म्हातारे गृहस्थ असावेत, कारण भाऊ मोठ्यानं बोलत होता. पत्ता सांगितला, नंबर सांगितला, पण त्यांना काही समजेना. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, लगीन उमरीला हाय. हे लातूर. पर तुमी इकडं आलातच तर दुकानावर या. जेवून जावा."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "अक्का, मजकूर लई चांगला लिहिलास," म्हणाला. "माणसं अजून यायलीतच."